दारं बसेपर्यंत

गेणूबाबांना मी पहिल्यांदा पाहिलं ते माझ्याच स्वयंपाकघरात. सावेडीतल्या आमच्या इमारतीचं बांधकाम चालू होतं. ओटा व्हायचा होता, तिथे तीन विटांच्या चुलीवर हा सत्तरीतला वॉचमन भाकरी भाजत होता. "या, बसा साहेब. घर तुमचंच हाय," म्हणाले. मी उभाच राहिलो. बसायचं कुठे तेच कळेना.

जन्म दुष्काळी कामावरच्या पालात. लहानपण ऊसतोडीवर, पाचटाच्या कोप्यांत. पुढची सगळी वर्षं अर्धवट इमारतींत. त्यांची बायकोही अशाच एका इमारतीत गेली. "तिसऱ्या मजल्यावर. आता तितं दाताचा डाक्टर बसतोय," असं सांगत. भिंतींना पाणी मारायचं, सिमेंट राखायचं आणि इमारत पुरी झाली की बोचकं उचलायचं. "दारं बसली की आपलं ऱ्हानं संपलं." तक्रार नव्हे, एसटीची वेळ सांगावी तसा सूर.

आमची वास्तुशांत झाली. त्या रात्री घर रिकामं ठेवायचं नसतं. पण आईला अचानक दवाखान्यात न्यावं लागलं. घरात गेणूबाबा झोपले, देवापुढचा दिवा त्यांनीच सांभाळला. सकाळी किल्ली देताना चाचरत म्हणाले, "म्होरल्या साईटवर तरना गडी ठिवलाय. हितं पार्किंगच्या खोलीत पडून ऱ्हाऊ का? सोसायटीला इचारता?"

"विचारतो," म्हणालो. विचारलं नाही. का, ते अजून सांगता येत नाही. नव्या शेजाऱ्यांपुढे पहिल्यांदाच तोंड उघडायचं, ते यासाठी? असलं काहीतरी असावं. बायकोला मात्र सांगितलं, सोसायटी नको म्हणते. आठवडाभरात गेणूबाबा दिसेनासे झाले.

यंदा संक्रांतीनंतर आम्ही दोघं शनिशिंगणापूरला गेलो, तर एका प्रसादाच्या दुकानामागे गेणूबाबा पोत्यावर बसलेले. पार वाकलेले. "हितं बरं हाय साहेब. गावात दारंच न्हाईत, मग भायेर काढतंय कोन!" स्वतःच हसले. आणि बोलणं जणू कालच झालं होतं, अशा आवाजात, "सोसायटी काय म्हनली?"

बायको शेजारीच उभी होती.

"मी विचारलंच नाही, बाबा."

"मग इचारा की."

परतीच्या वाटेवर बायको मागच्या सीटवर जाऊन बसली. मी सोसायटीत विचारलं. सगळे लगेच हो म्हणाले. "अहो, तेव्हाच सांगायचं ना!" चेअरमन म्हणाले. मी बाबांना आणायला गेलो.

"किती दिस?"

"कायमचं."

"आसं कसं? काम कवा संपनार?"

"काम नाही, बाबा. नुसतं राहायचं."

त्यांना ते पटेना. शेवटी म्हणाले, "बरं. शिमग्यापातूर ऱ्हातो."

एकदा आले की राहतील, असं वाटून मी हो म्हणालो. ते राहिलेही. सकाळी उठून कुणी न सांगता इमारतीच्या भिंतींना पाणी मारायचे. आम्ही हसायचो.

शिमगा झाला आणि दुसऱ्या सकाळी खोली झाडलेली, गादीची वळकटी बांधलेली. दूधवाल्याजवळ निरोप होता, "साहेबांना सांग, बोलल्यापरमानं निघालो."

"कुठे गेले?"

"ते नाही सांगितलं. पण खुशीत होते, दादा."

"खुशीत?" मी त्याला पुन्हा पुन्हा विचारत राहिलो.