आधी दार वाजव

शाळेत इतर सगळ्यांच्या तासाला आम्ही 'हजर' म्हणायचो, बाईंच्या तासाला 'आहे' म्हणावं लागे. बाई नाव वाचायच्या, मान वर करून त्या पोराच्या तोंडाकडे नीट बघायच्या आणि विचारायच्या, "आहेस ना?" "आहे, बाई." मगच पुढचं नाव. भरल्या वर्गात यातच अर्धा तास जाई. मागच्या बाकावरचे टगे फिदीफिदी हसत आणि मीही त्यांच्यात सामील असे.

शाळा सुरतच्या लिंबायतकडची, मराठी माध्यमाची. आमच्यापैकी बहुतेकांचे वडील कापडाच्या लूमच्या खात्यात कामाला. घरी अहिराणी, गल्लीत हिंदी, दुकानात गुजराती आणि वर्गात जमेल तेवढं पुस्तकी मराठी, असा आमचा कारभार. बाई नववी-दहावीला समाजशास्त्र शिकवायच्या. शनिवारचा शेवटचा तास त्यांनी मागून घेतला होता. त्याला आम्ही 'फोनचा तास' म्हणायचो, कारण त्या तासाला फोनबद्दलच बोलणं चाले आणि फोन मात्र एकाच्याही हातात नसे. फोन आल्यापासून माणसं एकमेकांशी कशी वागायला लागली, एवढाच त्या तासाचा विषय.

त्यांचा आवडता शब्द 'थांब'. कुणी घाईनं काही सांगायला उठलं की बाई एक बोट वर करत. "थांब. हे तू पाहिलंस, की तुला कुणी पाठवलं?" पाठवलं असेल तर पुढचा प्रश्न ठरलेला. "ज्याच्याबद्दल आहे त्याचं दार वाजवलंस का?" आम्ही त्यांना थांबबाई म्हणायला लागलो. ते त्यांच्या कानावर गेलं तेव्हा म्हणाल्या, "बरं झालं. नाव तरी कामाचं ठेवलंत."

फोनला शिव्या देणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. आमच्यातल्या कितीतरी जणींच्या आयांना त्यांनीच फोनवर गॅसचा नंबर लावायला शिकवलं. "उचलली जीभ, लावली टाळ्याला असं पूर्वी म्हणत," त्या म्हणायच्या. "तुमचं उचललं बोट, लावलं काचेला. त्यात काचेचा काय दोष?" एकदा एक जण उठून म्हणाला, "पण बाई, आखा सुरतमां हा मेसेज फिरतोय. मी एकटा थांबून काय होणार?" बाईंनी विचारलं, "तुझे वडील लूमवर आहेत ना? तार तुटली तर काय करतात?" "लूम बंद करतात." "का? खात्यातले बाकीचे लूम तर चालूच असतात." पोरगा म्हणाला, "पण त्यांच्या ताक्यात डाग पडेल ना, बाई." बाई म्हणाल्या, "मग बस खाली. तुझा ताका तू सांभाळ."

एका शनिवारी त्यांनी हरवलेल्या मुलाचा फोटो छापून आणला. असले फोटो आम्ही सगळ्यांनीच डोळे झाकून पुढे ढकललेले. खाली नंबर होता. बाईंनी पर्समधून स्वतःचा फोन काढला, तो लावला आणि आवाज मोठा करून टेबलावर ठेवला. पलीकडून एक थकलेला माणूस बोलला, "सापडला हो आमचा पोरगा. कधीच सापडला. आता मिशा फुटल्यात त्याला. रोज कुणीतरी फोन करतं. काळजीनंच करता, म्हणून उचलतो." वर्ग हसला. मिशांचं ऐकून मलाही हसू आवरलं नाही. बाई मात्र फोन बंद करून खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या आणि घंटा होईपर्यंत वळल्या नाहीत. त्यांचं काहीतरी बिनसलंय, इतकंच आम्हांला कळलं.

दहावीच्या वर्षी एक नवी मुलगी वर्गात आली. कडोदऱ्याहून शाळा बदलून आलेली, गप्प गप्प राहणारी. तिच्या पहिल्याच शनिवारी बाई फळ्यावर लिहीत होत्या आणि ही माझ्या शेजारी थरथर कापायला लागली. मी विचारलं तर कानात म्हणाली, "या बाई मेलेल्या आहेत. आमच्या गावाच्या ग्रुपवर यांना हार घातलेला फोटो आहे." फळ्यावर खडू करकरत होता, पाठमोऱ्या बाईंची वेणी हलत होती. मी ओरडले की काय, आठवत नाही. बाई वळल्या. नव्या मुलीचा पांढराफटक चेहरा पाहून त्यांना न सांगताच समजलं असावं. "फोटोत मी हिरव्या शालूत आहे ना?" त्यांनी विचारलं. मुलीनं मान हलवली. "लग्नातला आहे तो," बाई म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या.

मग त्यांनी सांगितलं. लग्नानंतर दोन-चार वर्षांनी एकदा गच्चीवर कपडे वाळत घालताना त्यांच्या डोक्याला कावळा शिवला. आमच्याकडे हा फार मोठा अपशकुन. त्यावर उताराही ठरलेला आहे. त्या माणसाच्या मरणाची खोटी बातमी जवळच्या नातेवाइकाला कळवायची. तो ते खरं समजून रडला, की आलेलं मरण त्या आसवांवर टळतं. मग लगेच दुसरा निरोप द्यायचा, की माणूस सुखरूप आहे. सासूबाईंनी हट्ट धरला. घरात फोन चांगला चालवणाऱ्या बाईच. मावशीला मेसेज लिहायचं काम त्यांच्याकडेच आलं. "माझ्या मरणाची बातमी मीच लिहिली, बाळांनो," बाई म्हणाल्या. "हसत हसत लिहिली."

मावशी रडली, बाईंनी लगेच दुसरा निरोपही पाठवला. पण तिच्या नातवानं तेवढ्यात बाईंच्या लग्नातला फोटो शोधला, त्याला हार चढवला, दोन्ही बाजूंना समया लावल्या, वर 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं आणि भाऊबंदांच्या ग्रुपवर टाकला. बातमीला पाय फुटले. नंदुरबारजवळच्या गावात बाईंच्या वडलांनी तो फोटो पाहिला. बाई त्यांना फोन लावत राहिल्या. लाईन लागेचना, कारण सांत्वनाला सगळं गणगोत त्यांनाच फोन करत होतं. सुरतेची गाडी धरायला ते एसटीच्या थांब्यावर आले आणि तिथंच कोसळले. लेक जिवंत आहे, हे त्यांना कुणी सांगूच शकलं नाही.

"पूर्वी एक माणूस खोटं घेऊन जायचा आणि त्याच्यामागून दुसरा खरं घेऊन निघायचा," बाई म्हणाल्या. "दोघं एकाच वाटेनं चालायचे. माझं खरं मागे राहिलं." एवढं सांगून त्यांनी हजेरीपट पुन्हा उघडला. त्या दिवशी त्यांनी दुसऱ्यांदा हजेरी घेतली. या वेळी कुणी हसलं नाही.

बाईंच्या आईनं त्यानंतर लेकीचा फोन कधीच घेतला नाही. "फोनमातली आंडेर माले नको," असं तिनं सांगून टाकलं होतं. फोनमधली लेक मला नको. म्हणून बाई दिवाळीत आणि मे महिन्यात गावाला जायच्या, दार वाजवायच्या आणि उंबऱ्यात उभ्या राहायच्या. आई त्यांचे दोन्ही गाल चाचपून बघायची, तेव्हा कुठे घरात घ्यायची. फोटो मात्र फिरतच राहिला. दर वर्षी कुणाला तरी तो नव्यानं सापडे आणि बाईंच्या घरी रडत माणसं येत. बाई त्यांना चहा करून देत.

आता मी रिंग रोडच्या मार्केटमध्ये साड्यांच्या दुकानात आहे. दिवसभर फोनवरच्या गिऱ्हाइकांसमोर साडी धरून "लवकर करा, थोडेच पीस उरलेत" असं ओरडते. बाईंची विद्यार्थिनी आणि पोट कशावर भरते बघा! बाईंना हे सांगितलं तेव्हा त्या पोट धरून हसल्या होत्या. "साडी तरी खरी असते ना? मग ओरड."

गेल्या वर्षी आमच्या जुन्या वर्गाच्या ग्रुपवर बाई गेल्याचं आलं. चार दिवसांच्या तापाचं निमित्त. ग्रुपवर कुणीही हात जोडले नाहीत, फोटो टाकला नाही, एक शब्द लिहिला नाही. मी रिक्षा करून बाईंच्या गल्लीत पोचले, तर इच्छापोरच्या कंपनीतून, चलथाणच्या कारखान्यावरून, जो तो जसा होता तसा निघून आलेला. सगळी मोठाली माणसं, दारापाशी उभी. दार उघडंच होतं, तरी पुढच्यानं ते वाजवलं. बाईंचे यजमान बाहेर आले आणि आमच्याकडे बघून त्यांना रडू कोसळलं. या वेळी बातमी खरी होती.

बाईंच्या माहेरच्या गावात मात्र कुणी विश्वास ठेवेना. यजमानांनी तिथल्या शेजाऱ्यांना फोन केले, तर "तो जुनाच फोटो, आम्ही नाही फसायचो," म्हणून लोकांनी फोन ठेवले. बाईंची आई तर कुणाचाच फोन घेत नव्हती. बाईंना न्यायची वेळ झाली, म्हातारीची वाट बघणं शक्य नव्हतं. कुणीतरी जायला हवं होतं. मी म्हणाले, मी जाते.

दुसऱ्या दिवशी नंदुरबारला उतरून एसटीनं गाव गाठलं. दार वाजवलं. म्हातारीनं उघडलं, सुरतेहून आलेय म्हणताच माझ्यामागं रिकामा रस्ता पाहिला आणि विचारलं, "तू तुन्हा डोयाघाई देखं का?"

"हो," मी म्हणाले. "माझ्या डोळ्यांनी पाहिलं."

ती भिंतीला टेकून खाली बसली. मग म्हणाली, "एकदाव रडी लिनं मी तिन्हासाठे. आते आसू कोठेन आनू?" मी तिच्याजवळ बसले आणि तिच्या वाटचं मीच रडले.

मी निघायला उठले तेव्हा तिनं देवाजवळून एक जुना फोन आणला. बाईंच्या वडलांचा, थांब्यावर त्यांच्या हातात होता तो. इतकी वर्षं ती तो चार्ज करून ठेवत होती. तिनं उघडून माझ्या हातात दिला. हिरव्या शालूतल्या बाई, गळ्यात हार, दोन्ही बाजूंना समया. मला वाटलं, म्हातारी तो फोटो पुसून टाकायला सांगते आहे. मी बोट पुढे नेलं. तिनं माझं मनगट धरलं.

"थांब," ती म्हणाली. "आते खरा शे तो. ऱ्हाऊ दे."