कोशाच्या रानातली झोपडी

आजवर मी बऱ्याच घरांचे आराखडे काढले. त्यातली निम्मी मला रस्त्यात ओळखूही येणार नाहीत. आठ फूट बाय दहा फुटांची एक झोपडी मात्र मनातून जात नाही, आणि तिच्याबद्दल मी कुठेही खरं बोललेलो नाही.

लाखांदूरच्या पलीकडे जंगलाला लागून असलेल्या एका गावात माझे वडील मास्तर होते. तिथले कोसा पिकवणारे एक काका मला लहानपणापासून ओळखायचे. कोसा म्हणजे रानातलं रेशीम. येनाच्या, म्हणजे ऐनाच्या, झाडांवर अळ्या सोडायच्या आणि त्या पानं खाऊन कोश विणेपर्यंत पाखरांपासून, मुंग्यांपासून त्यांना राखायचं. गावात त्यांना किडेच म्हणतात. किडे झाडावर असेपर्यंत राखणारा रानातच राहतो आणि व्रत पाळतो. मासळी-मटण नाही, दाढी नाही, अंगाला-डोक्याला तेल नाही, बायकोजवळ जाणं नाही.

मी नागपूरला वास्तुकला शिकून भंडाऱ्याला परतलो तेव्हा गोंदिया जिल्हा वेगळा होऊन काही वर्षं झाली होती. काकांनी साठी ओलांडली होती. दरवर्षी ते फांद्या आणि गवताची खोपी करायचे, ओल्या जमिनीवर निजायचे, आणि हंगाम संपला की ती तिथेच कुजून जायची. त्या वर्षी त्यांचे गुडघे इतके धरले की उठताना खांब धरावा लागायचा. मी म्हटलं, काका, मी तुम्हाला पक्की झोपडी करून देतो. मला कोणी विचारलं नव्हतं. नवीन शिकलेल्या माणसाला दम निघत नाही, तसं माझं झालं होतं.

त्यांची स्वतःची येनाची झाडं जंगलाच्या कडेला होती, तिथेच जागा ठरली. सिमेंट नाही, टिनाचा पत्रा नाही, एक खिळासुद्धा नाही, असा माझा हट्ट होता. बांबूचा सांगाडा, हातभर उंच मचाण, कुडाच्या भिंतीला मातीचा लेप, वर गवताचं छप्पर. पडल्या पडल्या झाडांचे शेंडे दिसावेत म्हणून निजण्याच्या उंचीवर खिडकी ठेवली. छपराखाली, वारा खेळेल अशा जागी, एक आडवा बांबू खास बियाणासाठी बांधला. बियाणं म्हणजे चांगले निवडून ठेवलेले कोश. त्यातून पतंग निघतात, अंडी घालतात, आणि अंड्यांतून नवे किडे निघतात. काका ते घरी ठेवायचे आणि मग टोपल्यांतून रानात आणायचे. माझ्या झोपडीत ते जागच्या जागी होणार होतं. हे बियाणं त्यांच्या वडिलांपासून चालत आलेलं होतं. दर हंगामाला त्यातलेच भारी कोश निवडायचे आणि पुढे न्यायचे. बाहेरचं बियाणं त्यांनी कधी घेतलं नव्हतं.

मापं घेताना डास फोडून खात होते म्हणून मी हाताला खोबरेल लावायला लागलो. काका म्हणाले, "बाबू, इथं तेल नाही चालत." मी बाटली पिशवीत टाकली. म्हाताऱ्या माणसाची श्रद्धा, तिचा मान ठेवावा, एवढंच माझ्या मनात आलं.

पुढे बांबूला वाळवी लागू नये म्हणून काय लावावं हा प्रश्न आला. बाजारातलं औषध मी लावणार नव्हतो. निंबोळीचं तेल आणलं आणि प्रत्येक बांबूला हात दिला. बियाणाच्या बांबूला तर दोनदा. काका बाजूला उभे होते.

"हे काय लावून राहिला, बाबू?"

"निंबोळीचं तेल, काका. औषध नाही. झाडाचंच आहे."

"तेल तं तेलच हाय ना. किड्याईले नाही चालत."

"आठ दिवसांत वाळून जाईल. मी शिकलोय ना हे."

त्यांनी बांबूवर बोट फिरवून वास घेतला. मग म्हणाले, "तू शिकला हाय. तुले जास्त समजते."

धानावरची अळी मारायला निंबोळीचा अर्क फवारतात, हे मला चांगलं माहीत होतं. भंडाऱ्यात कोणाला माहीत नाही? पण ती अळी वेगळी आणि ही वेगळी, असंच काहीतरी माझ्या डोक्यात असावं. खरं सांगायचं तर विचारच केला नव्हता.

काकांनी सगळं बियाणं त्या बांबूला टांगलं. किडे निघाले, झाडांवर चढवले, आणि त्यांनी पानाला तोंड लावलं नाही. सहा दिवसांत सगळे गळून पडले. मी पोचलो तेव्हा काका ओणवे होऊन, गुडघ्यांची पर्वा न करता, झाडाखालचा पाचोळा चाळत होते. एखादा तरी जिवंत असेल म्हणून. एकही नव्हता. बियाणातलं मागे काहीच उरलं नव्हतं. मला रडू आलं, आणि त्यांच्यासमोर रडायचीही लाज वाटली.

बाजूच्या झाडांवर दुसऱ्यांचे किडे हिरवेगार, टरारलेले होते. त्यामुळे गावात एकच अर्थ निघाला: काकांनी व्रत मोडलं. कोसा राखणारे सगळे जण बसले. काकूंनाही बोलावून विचारलं, हे घरी आले होते का? काकू पदर तोंडाला लावून नाही म्हणून नुसती मान हलवत होत्या. काका खाली बघत बसले होते.

मला राहवलं नाही. मी उभा राहिलो आणि सांगितलं की दोष माझा आहे, बांबूला मी तेल लावलं, त्यानेच किडे मेले. बोलून झाल्यावर मला हलकंही वाटलं. हे मी लपवणार नाही.

त्यांच्यातल्या वडीलधाऱ्याने मला विचारलं, "तुमी बाहेरचे माणूस. तेल नाही चालत, हे तुमाले कोणी सांगतलं नाही का?"

मी तोंड उघडायच्या आधीच काका बोलले.

"नाही सांगतलं मीनं. माझ्याच्यानं राहून गेलं."

"मंग चूक राखणाऱ्याची," वडीलधारा म्हणाला. काकांना एक वर्ष कोसा धरायचा नाही असं ठरलं, आणि त्यांनी हात जोडून ते मान्य केलं. मी तिथेच उभा होतो. एक शब्द बोललो असतो तर पुरे होतं.

पुढच्या वर्षी ते घरीच बसले. त्यानंतर गुडघ्यांनी त्यांना रानात जाऊ दिलं नाही. ते गेले तेव्हासुद्धा माणसं म्हणत होती, राखणदार चांगला होता, पण तेलाचं सांगायला विसरला. त्यांनी मला सांगितलं होतं. दोनदा.