बाटलीत रक्त कमी होतं

मी तोंडाचा फटकळ माणूस. वीस वर्षं प्रयोगशाळेच्या खिडकीशी बसतोय. गोठलेलं रक्त, चुकीची चिठ्ठी, अर्धवट नाव घेऊन येणाऱ्या कुणालाही मी सोडलेलं नाही. बड्या डॉक्टरांनाही एकदा आल्या पावली परत पाठवलंय. एकाच माणसापुढे माझी जीभ उचलली नाही. नवजात बाळांच्या विभागातल्या सिस्टर. सगळे त्यांना ताई म्हणायचे.

ताईंचा हात हलका. बाळाची शीर ती केवढी, दोऱ्याएवढी! बाकीचे चार ठिकाणी टोचायचे, ताई एकदाच. माझी मुलगी जन्मली तेव्हा तिचं रक्त त्यांनीच काढलं. पोरगी झोपेतून हललीसुद्धा नाही, रडलो तो मी. तेव्हापासून ताईंना काही बोलायची माझी प्राज्ञा नव्हती.

एवढ्याशा बाळाच्या रक्तात जंतू शिरले तर ते मोठ्यांसारखं तापाने फणफणेलच असं नाही. नुसतं दूध सोडतं, गार पडतं, आणि काही तासांत हातचं जातं. म्हणून शंका आली की लगेच रक्त घ्यायचं, एक मिली, आणि खास बाटलीत घालून यंत्रात ठेवायचं. जंतू वाढले की यंत्र वाजतं. रक्त कमी पडलं तर जंतू असूनही ते गप्प राहू शकतं. आमच्याकडचं शेंबडं पोरही हे सांगेल.

ताईंच्या बाटल्या कमीच भरलेल्या असायच्या. अर्धा मिली, कधी त्याहूनही कमी. एवढ्याशा जिवातून किती ओरबाडायचं, असं त्या म्हणायच्या. दुसऱ्या कुणी तसली बाटली आणली असती तर मी त्याची बिनपाण्याने केली असती. ताईंची बाटली मात्र मी मुकाट यंत्रात सरकवायचो.

मग ते बाळ आलं. तीन दिवसांचं, मुलगी, दूध ओढत नव्हती. ताईंनी रक्त आणलं. बाटली उजेडात धरली आणि मला स्पष्ट दिसलं, पाव मिलीसुद्धा नसेल. खिडकीपलीकडे ताई घाम पुसत उभ्या होत्या. मी ती मुकाट यंत्रात सरकवली.

दोन दिवस यंत्र वाजलं नाही. जंतू नाहीत, असा अहवाल मीच सही करून वर पाठवला. डॉक्टरांनी शंकेपोटी सुरू केलेलं जंतूंवरचं औषध थांबवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी बाळ निळं पडलं. पुन्हा रक्त घेतलं, या वेळी पुरेपूर, आणि यंत्र बारा तासांच्या आत बोंबलायला लागलं.

बाळाचे डॉक्टर खाली आले. ताई त्यांच्यामागे. त्यांनी विचारायच्या आधीच ताई म्हणाल्या, "पहिल्या वेळी रक्त कमी होतं. मीच कमी घेतलं."

डॉक्टर माझ्याकडे वळले. "तुमच्या लक्षात आलं नाही?"

"नाही," मी म्हणालो.

ताईंनी माझ्याकडे बघितलं, एकदाच, आणि नजर खाली वळवली. ताईंना लेखी जाब द्यावा लागला, त्यांना तीन महिने रक्त काढायच्या कामावरून हटवलं. मी नामानिराळा राहिलो. खोटं सांगत नाही, त्या आठवड्यात मला माझ्या मुलीच्या नजरेला नजर देता येईना.

बाळ वाचलं. बावीस दिवस काचेच्या पेटीत होतं. घरी जाताना बाळाच्या आईने ताईंचे पाय धरले. ताईंनी तिला उठवलं आणि सगळं सांगितलं, आपल्या चुकीसकट. ती बाई बाळाला घेऊन निघून गेली. हे मी जिन्यात उभा राहून ऐकलं. तिथेही पुढे व्हायचं धाडस झालं नाही.

तीन महिन्यांनी ताई पुन्हा रक्त काढू लागल्या. आता बाळं रडतात, ताई पूर्ण एक मिली घेतात. परवा मी धीर करून त्यांना म्हटलं, "ताई, मला दिसलं होतं."

"ठाऊक आहे मला," त्या म्हणाल्या. "तू तेव्हा बोलला असतास तर मी चिडले असते, दोन दिवस अबोला धरला असता. त्यापलीकडे काय झालं असतं रे?"

 त्यांनी बाटली खिडकीत ठेवली आणि वर निघून गेल्या.