भोंग्याची तीन मिनिटं

शेवंतीकाकू आयुष्यात कधी लेट झाल्या नाहीत. हे आम्हाला त्यांनीच सांगितलंय, आणि वारंवार. कळव्याच्या आमच्या सोसायटीत मीटिंगला कोणी पाच मिनिटं उशिरा आलं की काकूंचं सुरू, "सूतगिरणीत बावीस वर्षं काढली मी. कळव्याचा पूल पायी ओलांडून जायचे. एक दिवस फाटक बंद मिळालं नाही!"

अशा वेळी त्यांचे यजमान मारुतीकाका शिगवण पेपरात तोंड घालायचे. मला वाटायचं, ऐकून ऐकून विटले असतील.

काका त्याच गिरणीत बॉयलरवर होते. भोंग्याची साखळी त्यांच्या हातात. साडेसहाला पहिला भोंगा, सातला दुसरा. दुसरा वाजला की फाटक बंद, बाहेर राहिला तो घरी परत. गिरणी कधीच बंद पडली. खाडीकाठी चिमणी आणि बॉयलरघर तेवढं उरलं, आणि यंदा त्याला वारसा-फलक लावायचं ठरलं. पडदा ओढायचा मान काकांना. वर दोन मिनिटं भाषण. मी नाटकवाली, म्हणून तालीम माझ्याकडे.

"काका, आधी फलकावर काय लिहिलंय ते ऐका," मी फोनवरून वाचलं. "'या भोंग्याच्या अचूक वेळेवर सारं ठाणं आपली घड्याळं लावत असे.' वा! इथे जरा थांबायचं, लोक टाळ्या वाजवतील."

काका मटकन खाली बसले. स्वयंपाकघराकडे बघून हळूच म्हणाले, "ऋजुता, ते खोटं आहे गं."

"काय खोटं?"

"अचूक. दुसरा भोंगा मी रोज तीन मिनिटं उशिरा वाजवायचो. कधी चार."

"का पण?"

"खिडकीतून पुलाकडचा रस्ता दिसायचा. हिची लाल पिशवी दिसली, फाटकाच्या आत गेली, की मी साखळी ओढायचो."

"बावीस वर्षं? लग्न झाल्यावरसुद्धा?"

"लग्न झाल्यावर तर जास्तच! मी पहाटे निघायचो, माझा डबा हिच्याकडे असायचा."

"आणि कोणाला कळलं नाही? टाइमकीपरला?"

"तो घड्याळ भोंग्यावर लावायचा. मी भोंगा हिच्यावर लावायचो. स्टेशनातलं घड्याळ बरोबर होतं, पण लोक म्हणायचे, रेल्वेवाले पुढे पळतात."

मी हसून लोळायची बाकी होते. काका मात्र हसेनात.

"दगडावर कोरलंय पोरी. मी गेल्यावरही लोक तेच वाचणार. आणि पडदा माझ्याच हातानं ओढायचा? पण खरं बोललो, तर हिचा बावीस वर्षांचा तोरा चार लोकांत उतरेल. माझं तोंड बघायची नाही."

"मग काय करणार?"

"तेच कळत नाही."

कार्यक्रमाच्या दिवशी काकू इस्त्रीची नऊवारी नेसून पहिल्या रांगेत. शेजारच्या बाईंना ऐकवून झालं होतं, "एक दिवस फाटक बंद मिळालं नाही!" काका माइकपाशी गेले. खिशात मी लिहून दिलेला कागद होता, त्याला हातसुद्धा लावला नाही.

"नमस्कार. हा फलक चांगला आहे. एक शब्द चुकलाय, आणि ती चूक माझी आहे."

मग सगळं सांगून टाकलं. खिडकी, पूल, लाल पिशवी, तीन मिनिटं. मांडव हसून फुटला. काका एकाच माणसाकडे बघत होते, आणि ते माणूस हसत नव्हतं.

काकू उठल्या.

"अहो, बावीस वर्षांत माझ्या किती पिशव्या फाटल्या?"

"आँ? असतील सात-आठ."

"आणि दर वेळी नवी शिवली ती लालच का शिवली?"

काकांचं तोंड उघडंच राहिलं. "तुला माहीत होतं?"

"पहिल्याच महिन्यात कळलं. एकदा मुद्दाम पुलावर रेंगाळले. म्हटलं बघू तरी. भोंगा काही वाजेना! तेव्हाच ठरवलं, लग्न केलं तर या बॉयलरवाल्याशी."

"मग जगाला सांगत फिरतेस ते, लेट नाही, लेट नाही?"

"फाटक बंद होण्याआधी पोचले ना? मग लेट कसली? आणि त्या फलकातलं एक अक्षर बदलू नका म्हणावं. भोंगा अचूकच होता. मी आत गेले की वाजायचा, एक दिवस चुकला नाही!"

टाळ्या अशा पडल्या की चिमणीवरची कबुतरं उडाली. माझ्या तालमीत असा एंड बसलाच नसता.

पडद्याची दोरी काकांच्या हातात दिली. "ओढा, ओढा," पाहुणे घड्याळ बघत म्हणाले. काका ओढेनात. त्यांची नजर पायऱ्यांवर. गुडघा धरून, एकेक पायरी चढत काकू येत होत्या, काखेत लाल पिशवी.

"अगं, चल लवकर, लोक थांबलेत!"

काकू मधल्या पायरीवर थांबल्या, पदर नीट केला.

"थांबू देत. मी पोचल्याशिवाय तुम्ही थोडीच ओढणार आहात?"