कुंडीतला हिवाळा

ट्यूलिपच्या कंदाला हिवाळा आलाय असं वाटावं म्हणून तो मी कितीतरी आठवडे फ्रिजमध्ये ठेवला होता. आता तो खिडकीतल्या कुंडीत आहे आणि रोज सकाळी मी मातीवर बर्फाचे खडे ठेवते. तरी जीव थाऱ्यावर नसतो. जाता-येता माती चाचपून बघते.

आज हिरवं टोक वर आलेलं दिसलं. सासूबाई वाकून बघत म्हणाल्या, "थंडी सरली समजून आलंय गं बिचारं. त्याला नागपूरचं ऊन कोण सांगणार?"

आपल्याला हवं म्हणून कुणाला बोलवावं, आणि ते खरंच आपल्या भरवशावर यावं. हातातला बर्फ वितळून मनगटावरून ओघळत होता. मी उठून खिडकीचा पडदा ओढून घेतला.