तंबूतली धुनी

लेकरू व्हायच्या आधी आम्ही दोघं गाडीवर तंबू बांधून निघत होतो. अभनपूरच्या पुढं तलावाच्या काठी आंब्याचं बन हाये, तिथं. मॅगी, कांदे, एक चादर, झालं सामान. हे भनपुरीले ट्रकच्या ऑफिसात कामाले, इतवारची सुट्टी, त शनिवारी सांजेले निघून जाऊ, झोप आली का झोपू. मले कशाचंच भेव नव्हतं.

या थंडीत पोट्टीले घेऊन पहिल्यांदा गेलो, सात महिन्याची. सासूबाई म्हणे, "जा, पर तिले सर्दी झाली त पुढं कुठंच पाठवत नाई, सांगून ठेवते." अन् त्याईनंच ओवा, लसणाची टरफलं अन् मातीचं धुपाटणं गोधडीत गुंडाळून देल्लं. आमच्याकडं सांजेले मालिश झाली का विस्तवावर ओवा-लसूण टाकतात, लेकराले त्या धुरावर शेकतात, त्याले धुनी म्हणतात. त्याशिवाय ही झोपतच नाई.

तिथं पोहोचलो अन् मले सगळं वेगळंच दिसाले लागलं. पहिले मी तलाव पाहत होती, आता जमीन पाहून राहिली, मुंग्या कुठून येतात, बीळ कोणाचं हाये.

"काय शोधून राहिली?" हे म्हणे.

"साप."

"त्याले तुह्यापाशी काय काम हाये? आराम कर."

सांज झाली, थंड वारा सुटला. मी घाबरून लेकराले घेऊन तंबूत घुसली, त्याच्या दाराची चैन लावली, घरी खोलीचं दार लावतो तशी, अन् धुनी केली. ओवा चिमूटभरच, पण खोलीले खिडकी राहते, तंबूले काय राहते. पाहता पाहता धूरच धूर, पोट्टी खोकाले लागली, मले काई दिसेना, चैन अटकली.

"अहो, उघडा ना, उघडा."

यायनं बाहेरून चैन ओढली, लेकराले घेतलं अन् धुपाटण्यावर पाणी ओतलं. मी मागं अनवाणी.

"श्वास घेऊन राहिली का? पाहा ना नीट."

"घेऊन राहिली. तू पहिले श्वास घे," हे म्हणे.

पोट्टी दोनदा खोकली अन् चूप झाली. तिची मान वर, आंब्याकडं, एक हात उघडा. काय दिसून राहिलं इले? पानं? पानाच्या मधातलं आभाळ? मी गोधडी आंथरली, तिच्या बाजूले उताणी पडली. इतक्यांदा इथं आलो, पर मी कधी असं वर पाह्यलंच नव्हतं. पान हाललं का तिचा अंगठा हाले. पाहता पाहताच झोपली, धुनीबिगर. मग हळूच उचलून तंबूत नेली, चैन अर्धी उघडी ठेवून.

सकाळी घरी आलो त सासूबाईनं पहिले तिचं नाक पाह्यलं. कोरडं.

"धुनी देल्ली होती ना?"

"देल्ली," हे म्हणे, माह्याकडं पाहून. "मस्त देल्ली."

"मंग. म्हणून सर्दी नाई झाली. जा आता कुठं जायचं तिथं."

आम्ही पुढच्या शनिवारी पुन्हा जाणार. धुपाटणं नेईन, पर बाहेर ठेवीन. ती वर काय पाहत होती, ते मले अजून समजलं नाई.