मोर न पाहिलेला रसिक

वर्तमानपत्रात नृत्यावर लिहिताना मला उपमांची कधीच ददात नव्हती. नाशिकच्या त्या कथकच्या कार्यक्रमातही पडदा वर जाताच मी मोबाइलवर 'मयूरी, दामिनी, अप्सरा' टाइप करून टाकलं होतं.

शेजारी एक अंध आजोबा होते. आजी त्यांच्या कानाशी लागून नाच सांगत होत्या.

"अहो, अगदी मोरासारखी नाचतेय!"

"मोर मी कुठं पाहिलाय? ती काय करतेय ते सांग ना."

आजींनी पुन्हा रंगमंचाकडे नीट पाहिलं. मग म्हणाल्या, "गिरक्या घेतेय... थांबली. धाप लागलीय, पण हसतेय."

आजोबा खुलले. त्यांची बोटं खुर्चीच्या हातावर ठेका धरू लागली.

मी सगळं पुसलं आणि लिहिलं, 'तिला धाप लागली होती, पण ती हसत होती.'

दुसऱ्या दिवशी आजींनी ते वाचून दाखवलं असेल, तर आजोबांनी पुन्हा ठेका धरला असणार.